जुन्या मेकॅनिकल कीबोर्डवर एक अक्षर दोनदा उमटतंय? सोल्डर गन हातात घ्यायच्या आधी हे बघा

"नाशिक" टाइप केलं आणि स्क्रीनवर "नााशिक" आलं, दुसरा काना टिंबांच्या गोलासकट शेजारी उभा. बॅकस्पेस मारला, परत काना दिला, आता एकच आला. बरं म्हणून पुढे गेलात तर दुसऱ्या ओळीत परत दोन. हे तुमच्याकडे होत असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे, आणि थोडी मोठी आहे, पण एकदा पूर्ण वाचा, कारण मधली एखादी पायरी सोडून थेट स्विच काढायला गेलात तर चांगला बोर्ड हातचा जातो. मी असे गेलेले बरेच बघितलेत.

मी नाशिकला सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) कोर्टाच्या बाजूला डीटीपीचं काम करते, पंधरा वर्षं झाली. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, सगळं मराठीत. मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला कीबोर्ड. आमच्या लायनीत जवळजवळ प्रत्येकाकडे निळ्या स्विचचा टकटक वाजणारा बोर्ड आहे, बहुतेक टीव्हीएस गोल्ड, बँकेत आणि सरकारी ऑफिसात तुम्ही बघितला असेल तोच. हे बोर्ड दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं चालतात, आणि यात हाच एक आजार परत परत येतो, आणि लोक म्हणतात "स्विच गेला, नवीन घ्या". गेलेला नसतो हो. बहुतेक वेळा आत फक्त घाण असते.

हे मी हवेत बोलत नाही, हिशोब करून बघा. चेरीच्या निळ्या स्विचचं आयुष्य पाच कोटी दाबांचं सांगतात. माझ्यासारखीचे दिवसाला तीस हजार ठोके धरा, त्यात दहातला एक काना धरा, म्हणजे तीन हजार. वर्षाचे तीनशे दिवस काम, नऊ लाख झाले. पाच कोटी गाठायला पंचावन्न वर्षं लागतील. मग बारा वर्षांत काना कसा काय "गेला"? तो आकडा स्वच्छ जागेतल्या चाचणीचा आहे, आणि आपला बोर्ड झेरॉक्स मशीनच्या शेजारी, उदबत्तीच्या खाली आणि रस्त्याकडे तोंड करून बसलेला असतो. पावसाळ्यात चार महिने दमट हवा, उन्हाळ्यात खणलेल्या रस्त्याची माती. झिजण्याआधी तो घाणीनेच अडतो.

आधी लक्षण नीट ओळखा

एका टकमध्ये दोन अक्षरं आली, कधी येतात कधी नाही, आणि ठराविक एक-दोन बटणांवरच येतात, तर त्याला आम्ही डबलिंग म्हणतो, इंग्रजीत चॅटर. या पोस्टचा मुख्य विषय तोच. त्याचाच जुळा भाऊ म्हणजे अक्षर गळणं, टक वाजतो पण काही उमटत नाही. दोन्हींचं कारण सहसा एकच असतं, त्यामुळे उपायही एकच.

दोन नाही तर "कककककककक" अशी रांगच लागली, तर ते डबलिंग नाही. ते बटण वर येत नाहीये, अडकलंय. टोपी, म्हणजे बटणाचं वरचं अक्षरवालं प्लॅस्टिक, काढून बघा, तिथेच सापडेल.

एकदम पाच-सात बटणं बंद, आणि ती स्विचच्या जाळीत एकाच ओळीतली, तर स्विचचा संबंध नाही. सगळे स्विच एकदम मरत नाहीत, कुठेतरी आतली तांब्याची पट्टी तुटली असणार. एक बटण दाबलं आणि दोन वेगवेगळी अक्षरं आली, तर काहीतरी सांडलंय, चहा बहुतेक. आणि अख्खा बोर्डच मेला असेल तर आधी वायर आणि पोर्ट बघा, बाकी काही उघडू नका.

आणखी एक खात्री करा. एक टोपी उपटून खाली बघा, निळ्या रंगाची अधिक चिन्हासारखी दांडी दिसली तर पुढचं सगळं लागू आहे. लाल, तपकिरी, काळी दांडी असली तरी चालेल, टक नसेल एवढंच. पण खाली रबराची टोपी असेल तर हा मेकॅनिकल नाहीच. आणि कोणाकडे आयबीएमचा जुना मॉडेल एम असेल, १९८० च्या दशकात सुरू झालेला, तो जड स्प्रिंगवाला, तर कृपा करून त्यात खाली सांगितलेलं आयपीए (साफ करायचं अल्कोहोल) ओतू नका, त्यात स्प्रिंगच्या खाली प्लॅस्टिकचे पातळ पडदे असतात, द्रव मध्ये शिरला की बाहेर येत नाही.

डबलिंग होतं कसं

हे समजलं तर पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. स्विचच्या आत दोन धातूचे भाग, एक जागेवर स्थिर, दुसरी पातळ पत्ती. बटण वर असताना दांडीचा पाय त्या पत्तीला बाजूला ढकलून धरतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा पाय खाली जातो आणि पत्ती स्वतःच्या ताणाने जाऊन दुसऱ्या भागाला टेकते. म्हणजे तुम्ही दाबता म्हणून संपर्क होत नाही, दांडीचा पाय बाजूला होतो म्हणून पत्ती टेकते. त्यामुळे बटण जोरात ठोकून पत्तीवरचा दाब काडीचाही वाढत नाही. "जोरात मारलं की येतं" असं होतं ते हादऱ्याने, आणि त्या नादात बोटं दुखतात आणि शेजारचे जोड सैल होतात.

पत्ती टेकताना थोडी थरथरते, नव्या स्विचमध्येसुद्धा. ही थरथर काही मिलिसेकंदांची असते आणि बोर्डातली चिप तेवढा वेळ थांबून मगच अक्षर पाठवते. मध्ये मळ आला, काळसर थर आला की संपर्क जुळतो-तुटतो-जुळतो आणि ते चिपच्या थांबण्यापेक्षा जास्त वेळ चालतं, मग चिपला वाटतं बटण दोनदा दाबलं. एवढंच आहे.

आणि निळ्या स्विचचा टक हा दांडीभोवतीची पांढरी कडी खाली आपटते तिचा आवाज आहे. तो संपर्क नीट जुळल्याची खूण नाही. टक छान वाजतो म्हणजे स्विच चांगला, असं धरू नका.

आधी मोजा

सगळ्यात आधी कागद-पेन घ्या. नोटपॅड उघडा, भाषा इंग्रजी ठेवा, संशय असलेलं बटण दहा वेळा दाबून एंटर, परत दहा आणि एंटर, अशा दहा ओळी. नेहमीच्या वेगाने दाबा, सावकाश नको. आता ओळींचं उजवं टोक बघा. सगळ्या सारख्या असतील तर बटण ठीक. जी ओळ बाहेर आली तिथे डबल झालं, जी आखूड तिथे गळलं. कागदावर लिहा, "ई (म्हणजे इंग्रजी E), शंभरात सात". प्रत्येक पायरीनंतर हेच करायचं. "आता बरं वाटतंय" यावर विश्वास ठेवू नका, मी ठेवला होता, आणि त्याच दिवशी एका वकीलसाहेबांचं सतरा पानी उत्तर परत तपासायला लागलं.

इनस्क्रिप्टवर (मराठी टायपिंगची एक बटण-मांडणी) काम करत असाल तर ई, डी आणि के आधी मोजा. ई वर काना, डी वर हलंत, के वर क. "सामनेवाला" या एका शब्दात काना तीनदा येतो, कोर्टाच्या कामात दिवसभर तेच. आमच्याकडे आलेल्या बोर्डांत डावीकडची काना-मात्रांची बटणं आधी कुरकुरतात.

फुकटातल्या तपासण्या

विंडोजमध्ये फिल्टर कीज नावाची सोय आहे, उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की चालू करायचं का असं विचारते, आणि घाईत आपण एंटर मारून मोकळे होतो. ती चालू असली की पटापट दाबलेली अक्षरं संगणक मुद्दाम सोडून देतो. म्हणजे अक्षर गळतंय असं वाटतं आणि बोर्ड बिचारा ठणठणीत असतो. सेटिंगमध्ये जाऊन बंद आहे ना ते बघा. टायपिंग क्लासवाल्या एका ताईंनी याच्यामुळे दोन बोर्ड बाजूला काढून ठेवले होते, जीसीसी-टीबीसीच्या परीक्षेच्या तोंडावर. दोन्ही आता चालू आहेत.

मग बोर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथे मोजणी शून्य आली तर दोष तुमच्या मशीनमध्ये किंवा पोर्टमध्ये. गोल पिनवाला पीएस/२ बोर्ड असेल तर मशीन बंद करूनच काढा-लावा, चालू मशीनमध्ये ते पोर्ट काढघाल करण्यासाठी बनवलेलंच नाही. जांभळं भोक कीबोर्डचं, हिरवं माउसचं. यूएसबीला जोडायला कन्व्हर्टर वापरत असाल तर तो काढून, बोर्ड थेट पीएस/२ ला लावून एकदा बघा. कन्व्हर्टर दोन प्रकारचे येतात, एक नुसता पिन बदलणारा आणि एक आत चिप असलेला. जुन्या फक्त-पीएस/२ बोर्डाला चिपवालाच लागतो. नुसत्या पिनवाल्यावर बोर्ड लागतच नाही आणि लोक म्हणतात बोर्ड मेला.

वायरही बघा. टाइप करत करत बोर्डात जिथे वायर शिरते तिथे हळूच हलवा. हलवल्यावर अक्षरं तुटली किंवा दिवे लुकलुकले तर वायर आतून तुटलीय. पण वायरचा दोष सगळ्या बटणांवर दिसतो, एकट्या कान्यावर नाही. हा फरक लक्षात ठेवा.

धूळ काढणं

इथून पुढे वायर काढलेलीच पाहिजे.

बोर्ड उलटा करून पाठीवर हाताने थापट्या मारा, खाली पेपर पसरा. जे पडतं ते बघून पहिल्यांदा करणारा गप्पच होतो. चिवड्यातला चुरा, स्टेपलच्या पिना, केस, झेरॉक्सच्या टोनरची काळी पूड. त्यातली स्टेपलची पीन दोन टोप्यांच्या मध्ये अडकली तर बटणसुद्धा अडकतं.

मग टोप्या काढा. आधी मोबाइलवर फोटो, हे विसरू नका. तारेचा पुलर मिळतो, तो घ्या, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, दांडी मोडते. ओढायचं सरळ वर, तिरकं नाही. स्पेसबार, एंटर, शिफ्टच्या खाली तोल धरणारी तार किंवा जास्तीच्या दांड्या असतात, तिथे एका बाजूने थोडं, दुसऱ्या बाजूने थोडं असं करत काढा. तार वाकली की बटण एका कोपऱ्यात अडखळतं, आणि मग ती परत सरळ होता होत नाही.

आपल्याकडच्या बोर्डांवर देवनागरी स्टिकर असतात आणि त्यांचाही एक त्रास आहे. उन्हाळ्यात स्टिकरचा गोंद पातळ होऊन कडेने खाली ओघळतो आणि दोन टोप्या एकमेकींना धरतात. बटण वर यायला क्षणभर उशीर होतो, आणि आपण स्विचला दोष देतो. सुटलेले स्टिकर काढून टाका, राहिलेला गोंद कापसावर थोडं आयपीए घेऊन पुसा. टोप्या कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणात अर्धा तास. गरम पाणी नको, प्लॅस्टिक वाकतं. स्टिकर ठेवायचे असतील तर त्या टोप्या पाण्यात घालूच नका, नुसत्या ओल्या फडक्याने पुसा. पंख्याखाली वाळवा, पावसाळा असेल तर दोन दिवस, टोपीच्या आतल्या अधिक चिन्हासारख्या खाचेत थेंब राहतो आणि तो थेट स्विचमध्ये जातो.

टोप्यांची चकाकी, पिवळेपणा, पुसलेली अक्षरं, यांचा डबलिंगशी काही संबंध नाही, त्यावर आज वेळ घालवत नाही.

टोप्या काढलेल्या असताना मऊ ब्रशने स्विचच्या मधली धूळ काढा, ब्लोअर असेल तर बोर्ड उभा किंवा तिरका धरून मारा म्हणजे धूळ बाहेर जाते. सपाट ठेवून मारलात तर तीच धूळ स्विचच्या फटीत बसते. मग मोजा. इथेच प्रश्न सुटला तर थांबा.

आयपीएची पायरी, बहुतेक बोर्ड इथे बरे होतात

आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानात आयपीए म्हणून मागा, ९९ टक्केवालं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, एम. जी. रोडच्या बाजूला विचारा, केमिकलवाल्याकडेही मिळेल, एक बाटली कित्येक बोर्डांना पुरते. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी असतं आणि बहुतेकांत ग्लिसरीनसारखं चिकट काहीतरी. डब्ल्यूडी-४० ची नेहमीची निळी बाटली नको, ती तेलाचा थर ठेवून जाते, आठवडाभर छान चालतं आणि मग तोच थर धूळ धरून ठेवतो. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल तेल, पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सगळं माझ्याकडे आलेल्या बोर्डांत सापडलंय, शेवटच्या दोन्हींनी तर प्लॅस्टिकच विरघळवलेलं होतं. प्लॅस्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर असेल तर तो चालेल, डब्यावर तसं लिहिलेलं हवं.

आयपीए पेट घेतं. खिडकी उघडी ठेवा, शेजारी उदबत्ती, गॅस, सिगारेट काही नको.

आता नीट वाचा. सिरिंजमध्ये थोडं घ्या. बोर्ड तिरका धरा. ज्या स्विचला दोष आहे त्याची दांडी बोटाने पूर्ण खाली दाबा, दांडीच्या बाजूची फट उघडी होते. त्या फटीत तीन-चार थेंब, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. लगेच चाळीस-पन्नास वेळा दाबा, भराभर. हे दाबणं हाच खरा उपाय आहे, कारण थेंब नुसता मळ सोडवतो, पत्ती घासली जाते ती तुमच्या दाबण्याने. मग बोर्ड उलटा करून परत वीस-तीस वेळा दाबा म्हणजे सुटलेली घाण खाली गळेल, नाहीतर ती आतच दुसरीकडे जाऊन बसते. खाली पांढरा कागद ठेवला तर कधीकधी करडा डाग पडलेला दिसतो. तो डाग दिसला की मला फार बरं वाटतं, कारण आजार बाहेर आलेला असतो.

अर्धा तास वाळू द्या, पावसाळ्यात दोन तास. मग वायर लावा, मोजा. सात वरून एकावर आलं तर परत एकदा करा. माझा नियम तीन वेळांचा आहे. तीन वेळा करूनही शंभरात एखाद-दुसरा राहिला, किंवा बरं होऊन महिन्याभरात परत आला, तर आतला थर जाड आहे, बाहेरून निघणार नाही. मगच उघडायचं.

उघडल्यावर: दोष स्विचचा की बोर्डाचा

खालचे स्क्रू काढा, एखादा स्टिकरच्या खाली लपलेला असतो, बोटाने दाबून चाचपा, खड्डा लागतो. कडेच्या खाचा हळूच सोडवा. झाकण वेगळं झालं की आधी नुसतं बघा, उजेडात. चहाचा तपकिरी डाग, हिरवी बुरशीसारखी पूड, सोल्डरच्या ठिपक्याभोवती बारीक गोल भेग. ही भेग म्हणजे ड्राय सोल्डर, पिनेभोवती केसासारखी रेघ, भिंग घेतलं तर दिसते, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा झूम करून.

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी, आणि हिला चिमटा सोडून काही लागत नाही. बोर्ड लाकडी टेबलावर उलटा ठेवा, वायर जोडा, नोटपॅड उघडा. दोषी स्विचचे मागचे दोन सोल्डरचे ठिपके शोधा आणि धातूच्या चिमट्याच्या दोन टोकांनी ते दोन्ही एकत्र टेकवा. बोर्डात पाच व्होल्टच असतात, तुम्हाला काही होणार नाही, पण चिमटा फक्त त्याच दोन ठिपक्यांवर, वायरच्या किंवा चिपच्या जवळ अजिबात नको, तिथे शॉर्ट झालं तर चिप जाईल किंवा पोर्ट जाईल.

अक्षर उमटलं तर बोर्ड चांगला, स्विच किंवा त्याचा जोड दोषी. नाही उमटलं तर स्विच कितीही बदला, काही होणार नाही, पट्टी तुटलीय किंवा पुढे काहीतरी आहे. एवढी एक चाचणी केली असती तर कित्येक बोर्डांची तोडफोड वाचली असती. गळणाऱ्या बटणाला ती फार उपयोगी. डबलिंगमध्ये मात्र अक्षर येणारच, तिथे मल्टिमीटर लागतो.

मीटरसाठी वायर परत काढा. मीटर ओहमवर ठेवा, दोन ठिपक्यांवर टोकं धरा, दुसऱ्याला बटण दाबायला सांगा, माझ्याकडे हे काम माझी पुतणी करते. चांगला स्विच दाबून धरला की आकडा एक-दोन ओहमच्या आत येऊन थांबतो. दोषी स्विचचा आकडा नाचतो, चार, तीस, दोनशे, परत आठ. शेजारचा चांगला स्विच आधी मोजून घ्या म्हणजे तुलना होते.

जोड आणि पत्ती

ड्राय सोल्डर दिसला तर त्या दोन ठिपक्यांवर थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप) लावून गन टेकवा, दोन-तीन सेकंद, थोडं नवीन सोल्डर द्या, काढून घ्या. जुन्या बोर्डांचं तपकिरी पुठ्ठ्यासारखं पीसीबी (आतली सर्किटची पाटी) असतं, त्याचं तांबं जास्त गरम झालं की सोलून वर येतं. दोन-तीन सेकंदांत नाही झालं तर थांबा, गार होऊ द्या, मग परत. आयुष्यात गन धरली नसेल तर पहिला हात या बोर्डावर नको, एखाद्या मेलेल्या रेडिओच्या पीसीबीवर आठवडाभर सराव करा.

जोड चांगला आणि आकडा तरीही नाचतोय तर स्विच उघडायचा. स्विच नुसते पीसीबीवर बसवलेले असतील, खाली लोखंडी पत्रा नसेल, तर न काढताच वरचं झाकण निघतं. चार खाचा असतात, दोन इकडे दोन तिकडे. पत्रा असेल तर बहुतेकदा आधी स्विच डिसोल्डर करावा लागतो, म्हणजे सोल्डर वितळवून सोडवावा लागतो. झाकण निघताना आतली स्प्रिंग उडते, म्हणून खाली पांढरं फडकं, पंखा बंद. दांडी आणि पांढरी कडी एकत्रच बाहेर येते, कशी बसली होती त्याचा फोटो काढा.

आत बघा, ती पातळ पत्ती दिसेल. साध्या कागदाची बोटाच्या नखाएवढी रुंद पट्टी कापा, आयपीएत भिजवा, पत्ती आणि तिच्या मागच्या भागाच्या मध्ये सरकवा आणि हळूच बाहेर ओढा. कागदावर काळी रेघ येते. नवीन पट्टी, परत. रेघ यायची थांबली की झालं, सहसा चार-पाच वेळा लागतात. पॉलिश पेपर, ब्लेड, नेल फाइल काहीही नको, तिथे सोन्याचा अगदी पातळ थर असतो, तो गेला की स्विच खरंच गेला. पत्ती वाकवून "ताण वाढवायचा" प्रयत्न करू नका, बटण सोडल्यावरही ती टेकून राहते आणि अक्षरांची रांग लागते.

दांडी परत बसवताना तिचे दोन पाय पत्तीच्या बाजूलाच आले पाहिजेत. झाकण दाबलं की चार वेळा टिक होतं. मग मोजणी.

स्विच बदलणं, आणि नवा विकत घ्यायची गरज नसते

पत्तीही साफ केली आणि तरी शंभरात तीन-चार येतात, तर बदला. पण नवा स्विच शोधत फिरू नका, तुमच्याच बोर्डावर स्क्रोल लॉकचा स्विच आहे. बारा वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नसतो. तो ई च्या जागी, ई चा तिकडे. त्याचा टकही बाकीच्यांशी जुळतो, नवीन कंपनीच्या निळ्या स्विचचा आवाज वेगळा लागतो आणि रोज टाइप करणाऱ्याला तो बोटालाच कळतो.

दोन्ही ठिपक्यांवरचं सोल्डर गनने वितळवून आधी सोल्डर ओढायच्या पंपाने ओढा, राहिलेलं जाळीच्या पट्टीने. पीन भोकात मोकळी हलते का ते चिमट्याने बघा. हलत नसेल आणि तुम्ही स्विच ओढलात तर पिनेबरोबर तांब्याची पट्टी येणार. या कामात घाई म्हणजे नुकसान, दुकान बंद झाल्यावर शांतपणे करा.

इथे थांबायचं

काही गोष्टी दिसल्या तर हात काढून घ्या आणि बोर्ड माणसाकडे न्या. तांब्याची पट्टी उचलली गेली असेल. चिमटा टेकवूनही अक्षर येत नसेल आणि तुटलेली जागा डोळ्यांना दिसत नसेल. बोर्ड लावल्यावर चिप गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर लगेच वायर काढा, परत लावून बघू नका, कॉम्प्युटरचा पोर्टही जाईल. ओळीच्या ओळी बंद असतील. आणि पुराचं पाणी शिरलेलं असेल. गोदावरीला पाणी आलं आणि नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागला की भांडी बाजार, सराफ बाजाराच्या बाजूला दुकानांत पाणी शिरतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर माझ्याकडे तिथला एक बोर्ड आला होता, मालक म्हणाले वडिलांनी घेतलेला आहे. प्रत्येक स्विचमध्ये बारीक गाळ, आयपीए घातलं की चिखल व्हायचा. मी आठ दिवस प्रयत्न केला. शेवटी सगळे स्विच काढून, धुऊन, पीसीबी वेगळं साफ करणाऱ्याकडे द्यावा लागला. ते काम घरी होत नाही, मी सुरुवातीलाच द्यायला हवा होता.

न्यायचा कुठे? मोबाइलवाल्याकडे नको, त्याला या जाड पीसीबीची सवय नसते. अंबड-सातपूरला कारखान्यांच्या मशीनची कार्डं दुरुस्त करणारे लोक आहेत, कार्ड लेव्हल रिपेअर म्हणून पाटी असते, किंवा जुना टीव्ही दुरुस्त करणारा एखादा वयस्कर कारागीर. त्यांना नुसतं "कीबोर्ड खराब आहे" सांगू नका. "ई चं बटण, शंभरात सात डबल, आयपीए तीन वेळा केलं, मागून शॉर्ट केलं तर अक्षर येतं, मीटरवर आकडा नाचतो", एवढं सांगितलंत तर तो अर्ध्या तासात काम करतो आणि पैसेही तेवढेच घेतो.

बरा झालेला बोर्ड बंद करायच्या आधी मी आतल्या बाजूला चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावते. तारीख, कुठलं बटण, आधी किती, नंतर किती, काय केलं. माझ्या रोजच्या बोर्डात अशा तीन चिठ्ठ्या आहेत. ई दोनदा, डी एकदा. दुसऱ्यांदा ई आला तेव्हा चिठ्ठीवर "फक्त आयपीए" लिहिलेलं सापडलं, म्हणून त्या वेळी सरळ पत्ती साफ केली. तेव्हापासून काना एकदाच उमटतोय.